थंड टोक

हिंगण्याच्या एमआयडीसीत, मागच्या गल्लीत,
टिनाच्या शेडमध्ये आमचं इंजिन आहे.
ट्रकच्या टर्बोचार्जरचं पोट, स्टीलच्या डब्याचा घसा,
मांडीवर घेता येईल एवढंसं,
आणि सुरू झालं की शेजारच्या पापडवाल्या बाया
कान दाबून शिव्या देतात.

त्याच्या शेपटीतून सुटणारा वायू किती तापतो,
मला एवढंच हवं होतं.
एक आकडा.

प्लॅटिनमच्या तारेचा भाव विचारून आले,
इतवारीत सराफाकडे विचारावा तसा, उभ्याउभ्या.
शिवाय ती बोलते फार हळू,
अंशाला जेमतेम दहा मायक्रोव्होल्ट.
आमच्या ब्लोअरच्या गोंगाटात तिचं कोण ऐकणार?

मग के-टाइप.
दोन तारा, दोघी निकेलच्या घरातल्या,
एकीला लोहचुंबक धरतो, दुसरीला नाही,
टोकाशी वितळवून एक केलेल्या.
अंशाला चाळीस, खणखणीत.
हजाराजवळ महिनोन्महिने ठेवली तर थकते,
खोटं बोलू लागते आणि तिला ते कळत नाही.
पण आमचं इंजिन एका दमात चालतं चार मिनिटं.
खोटं बोलायला तिला सवड कुठे?

उघडी बारीक तार ठेवली तर लगेच सांगते
आणि लगेच मरते.
सहा मिलिमीटरच्या नळीत घातली तर टिकते,
पण तिला पत्ता लागेपर्यंत
पाती गेलेली असतात.
दीड मिलिमीटर.
तीन रात्री मी त्या दीडावर घालवल्या.

हेमराज रहांगडाले हसायचे.
कन्हानकडच्या एका भट्टीवर एकतीस वर्षं;
त्यांचा सेन्सर म्हणजे उजवा डोळा, डाव्यात मोतीबिंदू.
"पळसाचं फूल दिसलं का आठशे.
संत्र्याची साल, साडेनऊशे.
सालीच्या आतलं पांढरं दिसलं, का पळा."

मे महिना, दुपारचे अडीच.
इंजिन बंद आणि थंड,
थंड म्हणजे हात लावला तर चटका.
मीटर जोडला. आकडा आला: पंचवीस.

रहांगडाल्यांनी आकड्याकडे पाहिलं, मग छताकडे,
मग दुपट्ट्यानं मान पुसली.
"पंचवीस? काहून बाई, हे मीटर चिखलदऱ्याचं होय का?"

तेव्हा उमगलं.
ही तार तापमान सांगतच नाही.
सांगते फक्त फरक,
गरम टोक आणि थंड टोक यांच्यातला.
थंड टोक किती थंड, हे कुणीतरी धरून चालायचं असतं,
आणि मीटर करणाऱ्यानं धरलं पंचवीस,
त्याच्या खोलीत होतं तेवढं.
खिडकी असेल त्या खोलीला, पडदाही असेल.

मी तीन रात्री
गरम टोक निवडत बसले होते.

रहांगडाले सायकल घेऊन गेले,
गोणपाटात बर्फ घेऊन आले, वीस रुपयांचा.
बत्त्यानं फोडला, थर्मासमध्ये भरला, वर थोडं पाणी,
तारांची मागची टोकं त्यात सोडली.
शून्य.
विकत आणलेलं, वितळत असलेलं, तरी पक्कं.
मीटर म्हणाला बहात्तर.
त्याचे पंचवीस वहीत वजा केले.
सत्तेचाळीस.
"हं," रहांगडाले म्हणाले, "आता आलं नागपूर."

चार वाजून दहा. दार लोटलं, अंधार केला.
ब्लोअर, गॅस, ठिणगी.
आधी खोकला, मग शिट्टी, मग ती शिट्टी
कानाच्या वर निघून जाते.
बाया ओरडल्या असतील.
आठशे पस्तीस, मी वाचलं, वजा पंचवीस.
ते मीटरकडे बघतच नव्हते,
शेपटीकडे बघत होते, एका डोळ्यानं.

चौथ्या मिनिटाला बंद केलं.
थर्मासातला उरला बर्फ त्यांनी कूलरच्या टाकीत ओतला,
एक खडा गालात धरला,
आणि त्या भरल्या तोंडानं जे बोलले
ते मला नीट लागलं नाही.
पळस म्हणाले असावेत.