शंभरातल्या तीन

सातपूरच्या कारखान्याने आमच्या अकरावीला
एक खोकं पाठवलं.
मीटरपेटीतल्या खटक्यांच्या स्प्रिंगा,
आणि अर्ध्या पानाची चिठ्ठी:
‘शंभरातल्या तीन तुटतात. का?’
खाली सही, सुजाता कासलीवाल, गुणवत्ता विभाग.
बस.
ना ‘दिलेले’, ना ‘काढायचे’,
ना पुस्तकाच्या शेवटी उत्तर.

आमचं कॉलेज त्र्यंबक रोडला, नुसतं सायन्सचं.
दर सहामाहीला एक कंपनी, एक प्रश्न.
मावसबहीण कॉलेज रोडच्या क्लासला जाते,
तिच्या प्रश्नांना चार पर्याय असतात.
मला तिचा हेवा वाटायचा.
पहिले तीन आठवडे तर फारच.

जुनैद कोकणीने व्हर्नियर धरला,
ओवी खैरनारने आकडे ओरडले,
मी वहीत उतरवले.
चारशे बारा स्प्रिंगा.
जाडी बरोबर, वेढे बरोबर,
सगळं बरोबर आणि तरी तुटतात.
गोऱ्हे सर म्हणाले, ‘छान.
आता तुम्हाला काहीच माहीत नाही. इथून सुरू करा.’

मग त्या ताणून टांगल्या
लॅबच्या खिडकीच्या गजांना, वजनं लावून,
आणि घरी गेलो.
सकाळी फरशीवर दोन वजनं.
तिसरी आमच्यादेखत गेली,
कुणी हात न लावता,
टिच्,
भाताच्या घासात खडा यावा तशी.

हायड्रोजन.
आवर्तसारणीत पहिल्या घरात राहणारा, सगळ्यांत हलका,
ज्याला आम्ही फुग्यातला वायू समजत होतो.
जस्ताचा मुलामा चढवताना तो पोलादात शिरतो
आणि गुपचूप बसून राहतो.
घालवायचा तर भट्टीत चार तास, दोनशे अंशांवर.
ओवी नाचली.
जुनैदने फळ्यावर लिहिलं: सापडला.

पण बॅच नंबर लावत गेलो
तसे तुटलेल्यांचे ठिपके
आलेखाच्या एकाच कोपऱ्यात गोळा होत गेले.
रात्रपाळी, भट्टी क्रमांक दोन.
आणि नोंदवहीत त्या सगळ्या रात्रींपुढे
एकच वळणदार सही:
भा. का. गांगुर्डे.
ओवीने पेन्सिल खाली ठेवली.

शनिवारी कंपनीत गेलो.
गांगुर्डे काका झोपमोड करून आले होते, इस्त्रीच्या शर्टात,
आमच्यासाठी बिस्किटांचा पुडा घेऊन.
‘अडीच तासांनी काढतो,’ त्यांनी लपवलं नाही.
‘पहिल्या भट्टीचा हीटर गणपतीपासून बंद.
बाहेर दोन ट्रकांचा माल, आत भट्टी एक.
आता तुम्हीच बसवा गणित.’
ओवीने बोलायला तोंड उघडलं,
मग बिस्कीट चहात बुडवलं.
ते तुटून कपात पडलं.

अहवालात ‘कारण’ नावाचा एक रकाना होता.
त्यावर आम्ही तीन तास भांडलो.
नाव घालायचं नाही, जुनैद म्हणाला.
म्हणजे नोंद खोडायची? ओवीचा आवाज चढला.
शेवटी मी लिहिलं:
‘भट्टीतला वेळ दीड तास कमी.
कारण, भट्टी एकच.’

कासलीवाल मॅडमनी ते पान दोनदा वाचलं.
‘हे मला माहीत होतं,’ म्हणाल्या,
‘माझ्याकडे आकडा नव्हता.’
आणि फोन उचलला, आम्हाला दाराकडे खूण करत.

हीटर बसला का, कुणी कळवलं नाही.
आम्हाला पंचवीसपैकी एकवीस.
चार कुठे गेले, विचारलं,
तर सर म्हणाले, शोधा.

परवा घरी इस्त्री लावली आणि खटका पडला.
आई म्हणाली, गेली वाटतं लाईट.
मी अंधारात स्टुलावर चढले,
पेटी उघडली, बोटाने खटका वर केला,
आणि कान लावून थांबले जरा.
धरून होती.
सत्त्याण्णवांतली असावी,
किंवा अजून तिची वेळ आली नसेल.