शेवटचा बदल : सहा वर्षांपूर्वी

मंगळवारी सकाळी मी ‘अद्ययावत करा’ दाबलं
आणि बेटाची भरती-ओहोटी गेली.

पाणी होतं जागेवर,
धक्क्याच्या चौथ्या पायरीला लागलेलं.
गेलं ते बंदराच्या संकेतस्थळावरचं कोष्टक.
त्याच्या जागी पांढरा चौकोन, आत लाल ओळ :
मागितलेलं फंक्शन आता अस्तित्वात नाही.

म्हाताऱ्या रोसामेलचा फोन आला,
“ओफेलिंदा, आज समुद्राला सुट्टी दिलीस का?”
त्याच्या तिन्ही सुना शिंपले वेचायला उतरतात,
कोष्टक बघून चुलीवरचं भांडं उतरवतात.
चिलोएच्या ह्या अंगाला पाणी सहा मीटर चढतं,
सहा मीटर उतरतं.
चुकलं तर निदान बूट तरी जातात.

मी काही प्रोग्रामर नाही.
बंदराची कारकून. पावत्या फाडते, दोरखंड मोजते,
आणि संकेतस्थळ कुणी बघायचं असं विचारलं गेलं
तेव्हा खोलीत एकटीच होते.

तर ते प्लगिन. फुकटातलं.
कुणीतरी लिहिलं, जगासाठी ठेवून दिलं,
आम्ही उचललं, वाटेवरच्या विहिरीचं पाणी प्यावं तसं,
कुणी खणली ते न विचारता.
लिहिणाऱ्याचं नाव कौपो. गाव हापसालू, एस्टोनिया.
शेवटचा बदल : सहा वर्षांपूर्वी.
खाली पिवळी पट्टी :
गेल्या तीन आवृत्त्यांबरोबर तपासलेलं नाही.
मूळ यंत्रणा दर वर्षी कात टाकते,
आणि जुन्या कातीला चिकटून राहिलेल्यांना
महिनाभर आधी कळवते, इंग्रजीत.

फाइल उघडली. अक्षरं अंगठ्याएवढी करून वाचली.
दोनशे चौदाव्या ओळीवर, दोन तिरक्या रेघांमागे,
जिथलं यंत्र वाचत नाही,
त्याच्या भाषेत काहीतरी होतं.
भाषांतर करून घेतलं :
“हे तात्पुरतं. मार्चमध्ये नीट करतो.”
कुठला मार्च, ते नाही.

नकाशात हापसालू शोधलं. बाल्टिकचा काठ.
मग उशिरा, जेवताना, बटाटा सोलता सोलता लक्षात आलं :
त्या समुद्राला भरती म्हणावी अशी भरतीच नसते.
असलीच तर चार बोटं.

पत्र लिहिलं. चार ओळी, तोडक्या इंग्रजीत.
तोवर बंदराच्या भिंतीवर खडूनं वेळा लिहीत राहिले,
माझ्या आधीचा कारकून लिहायचा तशा.
पाऊस पुसायचा. पुन्हा लिहायचे.

अकराव्या दिवशी उत्तर :
“मी आता लोकांची छपरं शाकारतो. लॅपटॉप मुलीकडे असतो.
त्या वर्षी आमच्या घरात बरंच काही झालं.
नऊशे ठिकाणी ते चालतं हे माहीत होतं,
म्हणून तर उघडायची भीती वाटायची.
किल्ली पाठवतो आहे. नाव तुमचं घातलं आहे,
नको असेल तर काढा.
एक विचारू? पाणी खरंच इतकं खाली जातं?
मी फक्त आकडे घेऊन गणित केलं होतं.
ओहोटी पाहिलेली नाही.”

बदलायची होती एक ओळ.
एका फंक्शनचं नवं नाव, सहा अक्षरं.
कोष्टक परत आलं.
रोसामेल म्हणाला, “हं.”
मधल्या दिवसांत त्यानं काळ्या खडकाकडे बघून
काम भागवलं होतं.

गुरुवारी उधाणाची ओहोटी.
संध्याकाळी खाली गेले. होड्या कुशीवर पडलेल्या,
नांगराचे दोर चिखलात सैल,
आणि खूप लांब, जिथं एरवी समुद्र असतो,
तीन सुना वाकलेल्या.
फोटो काढला. पाठवला.

रात्री फोन थरथरला. वाटलं, कौपो.
वेल्समधल्या कुठल्याशा बंदरातून विचारणा होती,
तक्ता हिरव्या रंगात मिळेल का,
आणि कधीपर्यंत.

मी लिहिलं, मार्चमध्ये.