पांढरी पाचच्या जरा वर

हैदराबादचा एक ऑर्केस्ट्रा मोडला
त्यातून हा पेडलबोर्ड आला जालन्याला,
एसटीच्या टपावर, गोधडीत गुंडाळून.
आठ पांढऱ्या पट्ट्या, पाच काळ्या,
पहिली पांढरी कुणाच्या तरी टाचेनं झिजलेली.
मेमरीत त्या माणसाचे आवाज तसेच होते:
एकवर ट्यूबा, दोनवर तारेचा बेस,
तीनवर काहीतरी, ज्याला मी अजून बेडूक म्हणते.

मी अनवाणी वाजवते.
बूट घालून पाहिले, पट्ट्याच सापडेनात.
टाचेच्या भेगेला कड लागते तेव्हा कळतं
आपण कुठे उभे आहोत.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये कुणी नसतं.
अटॅक वाढवला की स्वर उशिरा येतो,
लग्नातल्या मामासारखा, सगळे थांबलेले;
पायांना हातांच्या आधी निघावं लागतं.
रिलीज वाढवला की एक स्वर दुसऱ्यात सांडतो,
पातळ वरण ताटभर व्हावं तसा.
कमी केला तर नळ जाताना पडणारे थेंब.
आमच्याकडे नळ दहाव्या दिवशी येतो,
ते थेंब मला पाठ आहेत.

आणि या सगळ्याच्या खाली
सतत एक घुमघुम.
अ‍ॅडाप्टरची म्हणावी, की भिंतीतल्या वायरीची?
नसीर इलेक्ट्रिकवाला अर्थिंगच्या खड्ड्यात
मीठ, कोळसा आणि दोन बादल्या पाणी ओतून गेला.
दोन बादल्या! मे महिन्यात!
घुमघुम जागची हलली नाही.
मग मी ती पट्टीपट्टीनं शोधत गेले:
पांढरी पाचच्या जरा वर,
काळी चारपर्यंत न पोचलेली.
मागचं ट्यूनिंगचं बटण केसभर फिरवलं,
वरचा कीबोर्डही तेवढाच चढवला.
ती हटत नव्हती, मीच सरकले.
भांडण मिटलं.

रविवारी उपासनेनंतर
शेरॉन म्हणाली, "बाई, माझ्या घशात बसायलाय हा आवाज."
पाळकांना जरा मृदू हवा होता.
खजिनदार स्पीकरच्या जाळीला बोट लावून बघत राहिले.
दारातून कुणीतरी,
"लई घुमायलंय बगा, मिलमधी बसल्यागत वाटायलंय."

मिल म्हटल्यावर मी मागच्या बाकाकडे पाहिलं.
जबुलून खरात. सळईच्या मिलमध्ये एकतीस वर्षं,
दोन्ही कान तिथेच राहिले.
गीतांचं पुस्तक उघडतात, पान कुठलंही,
ओठ हलतात आमच्या आधी नाहीतर नंतर.
त्या दिवशी मात्र डावा तळहात
बाकाच्या फळीवर पालथा होता
आणि ओठ
बरोबर आमच्यासोबत.

मग मी शेरॉनसाठी वरची धार कापली.
पाळकांसाठी अटॅक थोडा मऊ केला,
खजिनदारांसाठी आवाज दोन घरं खाली.
आणि स्पीकर वेदीजवळून उचलून
शेवटच्या बाकाखाली ठेवला, फळीकडे तोंड करून.
विचारलं तर म्हणाले, उंदरांनी वायर खाल्ली,
इथपर्यंतच पुरते.
(वेदीजवळ खोटं बोलले नाही. दारात बोलले.)

सगळं साठवलंय सातव्या जागी.
नावाला आठ अक्षरं मिळतात.
मी जागा कोरी ठेवली.

परवा तिसऱ्या कडव्यात लाइट गेली.
इन्व्हर्टरवर पंखे चालतात, माइक चालतो,
मी चालत नाही.
मंडळी गात राहिली, कुणाला काही कळलं नाही.
माझे पाय सवयीनं पडत होते,
नुसती प्लास्टिकची खटखट,
आणि कितीतरी महिन्यांनी ती घुमघुमही बंद.

फक्त मागे
जबुलूनकाकांनी तळहात उचलला,
उलटा करून पाहिला,
सदऱ्याला पुसला
आणि पुन्हा फळीवर ठेवला.