वाशीच्या बत्तीस खेपा

दाभोळकर कॉर्नरला माझं तिकिटांचं दुकान,
एक टेबल, दोन खुर्च्या
आणि भिंतीवर जगाचा नकाशा,
ज्यात न्यूझीलंड पंख्याच्या बटणामागं गेलंय.

भूपाल मगदूम दर गुरुवारी येतात.
तिकीट काढत नाहीत.
टोपी गुडघ्यावर ठेवून विचारतात,
"उजळाईवाडी ते ऑकलंड किती?"
जणू मागच्या गुरुवारपासून
आकडा थोडा कमी झाला असेल.

बारा हजार किलोमीटर, मी म्हणतो,
समुद्रावरनं सरळ दोरी ताणली तर.
"आणि मेख कुठं ठोकायची?"
थेट विमान असतं तर साडेचौदा तास.
ते नाही, म्हणून सत्तावीस.
मुंबईला सहा तास नुसतं बसायचं, सिंगापूरला पाच.
"आमचं बरं होतं," ते म्हणतात,
"बसलो की गाडी चालायची."

सव्वीस वर्षं दुधाचा टँकर.
रात्री साडेनवाला संघातून बाहेर,
किणीचा टोल, कराड, खंबाटकी,
बोरघाटात दूध मागं हिंदकळलेलं पाठीला कळायचं,
पहाटे वाशी.
त्यांच्याकडं किलोमीटर नसतात, खेपा असतात.
पावणेचारशेची एक.

माझ्या कॅल्क्युलेटरवर भागाकार त्यांनीच केला,
जाड बोटाखाली एक बटण दोनदा दाबलं गेलं,
पुसलं, पुन्हा केला.
बत्तीस.
"म्हंजे जाऊन-येऊन सोळा. महिन्याची ड्यूटी."
मग बराच वेळ गप्प.
रजा-आजारपण सोडलं तरी
हा माणूस अडीचशे वेळा ऑकलंडला पोचला होता,
हायवे एकदाही न सोडता.

मुलगी सन्मती तिकडं एका गोठ्यावर.
आठशे गाई, फिरतं चाक,
गाई आपल्या आपण चढतात नि उतरतात,
फोनवर पाहिलंय त्यांनी.
सध्या इथं रात्रीचे साडेनऊ
म्हणजे तिथं पहाटेचे चार,
तिची धारांची वेळ.
रिटायर झाल्यापासून साडेनवाला
यांचा उजवा पाय आपोआप हलतो, बायको सांगते.

या गुरुवारी दोघं आले.
पासपोर्ट साडीच्या दुकानाच्या पिशवीत.
मी पडदा वळवून दाखवला,
कोल्हापूर, मुंबई, सिंगापूर, ऑकलंड.
"सिंगापूरच्या पुढं चहाला कुठं थांबतंय?"
कुठंच नाही. खाली समुद्र, दहा तास.
"मग ड्रायव्हरला झोप आली तर?"
दोघं-तिघं असतात, आळीपाळीनं झोपतात.
भूपालराव हसले नाहीत.
"मला क्लीनरबी नव्हता,"
एवढंच म्हणाले, टेबलाच्या काचेकडं बघत.

पैसे मोजून झाल्यावर
खिशातनं लाल वही निघाली,
रकाने हातानं आखलेले:
निघालो. पोचलो. मीटर.
माझ्याच पेनानं पहिल्यात लिहिलं, उजळाईवाडी,
आणि पेन हवेत धरून विचारलं,
"विमानाचं मीटर कुठनं धरायचं?
चाकं सुटल्यावर, का घरातनं निघाल्यावर?"

मला काही सुचेना.
"घरातनं धरा," पद्माक्का म्हणाल्या,
"आणि म्हशीला पाणी कोण दाखवणार
ते आधी लिवा."