शेवट्याचा डोळा

या महिन्यात कामं तीन.

एक, फेणीचं लेबल.
पहिल्या स्केचमध्ये भट्टीवरचा माणूस होता,
डोक्याला टॉवेल, धुरानं बारीक झालेले डोळे.
पुण्याहून मेल आला: छानच आहे,
फक्त अजून थोडा गोवा हवा.
फेणी काजूची, तरी मी माड घातला.
मग दुसरा माड.
तिसऱ्या माडामागे तो माणूस गेला
तो परत आलाच नाही.

दोन, लग्नपत्रिका.
नवरा-नवरी फेरीबोटीवर, कारण ओळख तिथलीच,
रायबंदर ते चोडण, रोज सव्वाआठची.
सासूबाईंनी नवरीचे दागिने दोनदा वाढवले.
बोट अजून तरंगते आहे.

तीन, मुलांचं पुस्तक, खाजणाबद्दल.
बारा चित्रं. अर्धे पैसे आगाऊ,
उरलेले 'लवकरच'.

चोडणला कागद कधीच पुरता सुकत नाही.
गठ्ठा मी तांदळाच्या डब्यावर ठेवते,
पाठीमागून हेअर ड्रायर, वीज असली तर.
ब्रश करवंटीत धुते. करवंटी कलंडत नाही,
कलंडली तर दोष माझा.
चिखल तपकिरी नसतो, हे कळायला मला तीन वर्षं लागली.
तो निळा असतो, कडेला जांभळा,
आणि ओहोटीला त्यावर चांदीचा एक हात
जो देता येत नाही,
फक्त कागद तिथं कोरा सोडता येतो.

सहाव्या पानावर मासा होता.
शेवटो. फ्रीजमधला काढून, ताटलीत ठेवून,
दोन दिवस खवला-खवल्यानं रंगवला.
पिएदाद दारावर आली, पाटी उतरवली,
चित्राकडे एकदाच पाहिलं.
"हो कालचो गे बाय."

एवढंच. मग सुंगटांचा वाटा घालू लागली.

मी खवले दाखवले, पाठीवरची करडी रेघ दाखवली.
ती म्हणाली, ते सगळं बरोबर.
पण दोळो बसलाय.

म्हणून मग पहाटे साडेचारला मानशीपाशी.
कायतानने दारं उचलली तसं खाजण
कुणीतरी बुच काढल्यासारखं वाहू लागलं,
जाळं जड झालं, आणि त्यानं एक शेवटो
माझ्यासमोर बांधावर टाकला.
"काढ," म्हणाला. "तो थांबपाचो ना."

डोळ्यावर चरबीची पातळ काच असते, आरपार.
तिच्यात बॅटरीचा उजेड होता,
बांध होता, बहुधा मीही होते.
मी सवयीनं नाकापासून सुरुवात केली,
कल्ल्यापर्यंत पोचले, वर पाहिलं,
काच दुधाळ होऊ लागली होती.
दुसरा. तिसरा.
चौथ्याला मी आधी डोळा काढला
आणि बाकीचा मासा त्याच्याभोवती,
घाईत, थोडा वाकडा.

बाराव्या दिवशी संपादकांचा निरोप:
सहावं पान फार आवडलं.
माशाच्या चेहऱ्यावर थोडं हसू आणता येईल का?

मी अजून उत्तर दिलेलं नाही.

फुकट गेलेले कागद पिएदाद मागून नेते.
जाड आहेत, पाणी बरं पितात.
काल फेरीबोटीवर एका माणसाच्या हातात
पुडकं दिसलं, दोरीनं बांधलेलं,
वरच्या घडीवर माझा ताटलीतला,
दोन दिवस राबून मेलेला शेवटो.
आतला ताजा असणार.
ओल हळूहळू वर येत होती,
माझे खवले आधी विरघळले, मग पाठीची रेघ.

डोळा कसा जातो ते पाहायला
मी चार पावलं पुढे सरकले.
तेवढ्यात धक्का लागला
आणि सगळे उतरू लागले.