जास्तीची चिमूट

ग्रोनिंगेनच्या तळघरातली भट्टी
आठशे वीस अंशांवर पोचायला अख्खी दुपार घेते.
तोवर फ्राउका विर्समा दोनदा कॉफी करते
आणि काट्यावरच्या पिवळ्या पुडीत
हिशेबापेक्षा चिमूटभर जास्त टाकते.
“बिस्मथ तापलं की उडून जातं,” म्हणते,
“जाणाऱ्याचा वाटा आधीच धरून ठेवायचा.”

येल्मर, तिच्या हाताखालचा कितवा विद्यार्थी कोण जाणे,
फळ्यावर खोल्या आखतो.
चुंबक व्हायचं तर खोलीत बिऱ्हाड हवं,
एकेकटे राहणारे इलेक्ट्रॉन.
विजेचे ध्रुव फुटायचे तर तीच खोली रिकामी हवी,
म्हणजे अणू मधली जागा सोडून
एका भिंतीला टेकतो.
एकच खोली, भरलेली आणि रिकामी?
म्हणून दोन भाडेकरू:
चुंबकत्व लोखंडाकडे, कलणं बिस्मथकडे,
आणि ऑक्सिजन मधे, दोघांचे निरोप पोचवत.

नोव्हेंबरात पडद्यावर वेटोळ्याऐवजी केळं उमटलं.
गळती.
वडीच्या आतून विजेला चोरवाट सापडली होती.

जानेवारीत चुंबकाने वडी ओढली.
खरंच ओढली!
येल्मर कोट न घालता कालव्यापर्यंत धावला,
आईला फोनवर फ्रिशियनमध्ये काहीबाही ओरडला.
परत आला तेव्हा फ्राउका भिंगाला डोळा लावून.
“तुझा चमचा पोलादी आहे,” म्हणाली.
“हे ओढणं चमच्याचं.”

त्या रात्री त्याने अकीकाचा खल तीनदा धुतला.

लोखंडाचे शेजारी शेजारी अणू
एक वर तोंड करून, एक खाली.
बेरीज शून्य.
पण नीट उभं कुणीच नसतं,
जरासा तिरकेपणा राहतो प्रत्येकात,
आणि काय उरायचं ते त्या तिरकेपणात उरतं.

मार्चमध्ये वीज उलटवली.
चौथ्या दशांशातला आकडा हलला.
पुन्हा उलटवली. पुन्हा हलला.
येल्मर ओरडला नाही.
चमचा प्लास्टिकचा होता,
तरी त्याने तो उजेडात धरून पाहिला.

एक तारखेपासून फ्राउका येत नाही.
तिच्या वहीत शेवटच्या पानावर दोनच वाक्यं:
पाच टक्के जास्त.
दमट हवेत सहा.
सहा का, ते लिहिलेलं नाही.

समुद्राकडून ओला वारा सुटलाय,
सायकलींच्या खोगिरांवर पाणी.
येल्मर काट्याचं काचेचं दार सरकवतो,
थांबतो,
सहा टाकतो.