दोनशे बारा पाट्या

एल्डन क्विस्टॅड बोअर मारतो.
तीनशे फूट खाली, जिथे सरकार पोचत नाही
असं तो म्हणतो, आणि स्वतःच हसतो,
कारण तिथल्या पाण्यालाही परवाना लागतो.

यंदा तो वॉशिंग्टनला जायला उभा राहिला.
अपक्ष.
अख्ख्या नॉर्थ डकोटाला एकच जागा,
आणि त्याच्याकडे एकच पिकअप,
तिच्याही डाव्या दाराला दोरी.

मी त्याची पोस्टवाली.
सत्तावीस वर्षं याच रस्त्यावर, एकशे चाळीस पेट्या.
त्याच्या पत्रकात चौथं कलम सरळ होतं:
पोस्ट खातं बंद करा.
ती पत्रकं मीच वाटली, प्रत्येक पेटीत एक.
पैसे भरून आलेलं ओझं, ओझ्याला मत नसतं.
"राग नाही ना, मार्लिस?"
"चौथं कलम लोकांपर्यंत पोचवायला तुला मीच लागले," मी म्हटलं.
तो कानापर्यंत लाल झाला.
म्हणाला, "तू स्वतःचं टपाल सुरू कर,
पहिलं गिऱ्हाईक मी."

चर्चच्या तळघरात सभा. सतरा माणसं,
त्यातली पाच रूबार्बच्या पायसाठी आलेली.
कॉफीच्या डब्यावर चिठ्ठी: वाटलं तर टाका.
(डब्यात कॉफीच्या किमतीहून जास्त निघाले.
त्याने ते पुढचे दोन आठवडे सगळ्यांना सांगितलं.)
उभा राहून तो म्हणाला,
मी तुम्हाला काही देणार नाही.
रस्ता नाही, पूल नाही, अनुदान नाही.
आणि तुमच्याकडून काही घेणारही नाही.
फ्रिजची घरघर तेवढी ऐकू आली.
मग वर्ना होग्लंड, एक्याऐंशी वर्षांची,
"आणि माझा पेन्शनचा चेक?"

त्याच्या वहीत उत्तर होतं. आकडे होते, तक्ता होता.
त्याने वही उघडली, वर्नाकडे पाहिलं,
पान उलटलं, परत उलटलं.
"हळूहळू, वर्ना."
"म्हणजे मी मेल्यावर?"
सगळे हसले. तोही हसला, पण उशिरा,
आणि वही मिटताना त्याचं बोट आतच राहिलं.

आता एक गोष्ट जी पत्रकात नव्हती.
पेटीपुढचा बर्फ मालकाने काढायचा, असा खात्याचा नियम.
वर्नाला ते होत नाही. पलीकडच्या रस्टवेड भावांना होतं,
पण सुचत नाही.
तरी गेले सहा हिवाळे
मी पोचायच्या आत अकरा पेट्या मोकळ्या असतात,
आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे माग क्विस्टॅडच्या गोठ्यापर्यंत जातात.
एकदा मी विचारलं. तो म्हणाला,
"कोणी सांगितलं असतं तर नसता काढला."
मी आभार मानले नाहीत. मानले असते तर
पुढच्या वेळी अंधारात आला असता.

राज्यात अडीच टक्के. आमच्या गावात एकोणीस मतं.
मी कुणाला दिलं ते विचारू नका,
बंद पाकीट आम्ही उघडत नाही.

दुसऱ्या दिवशी तो पाट्या उपटायला निघाला.
लावल्या दोनशे बारा, मिळाल्या दोनशे नऊ.
उरलेल्या तीनसाठी चार दिवस हिंडला.
दुसऱ्याच्या जमिनीवर आपली वस्तू राहू नये म्हणे.
एक वर्नाच्या खुराड्याला, भोकावर उलटी ठोकलेली;
त्याने टोपी काढून, राहू देऊ का, असं विचारलं.
एक माझ्या गाडीत, पायाखाली, चिखल झेलायला.
तिसरी बहुधा वाऱ्याने कॅनडात नेली,
परवान्याशिवाय.

आज त्याच्या पेटीत दोन बिलं टाकली
आणि बियाण्यांचा एक कॅटलॉग.
समोरचा बर्फ काढलेला. लाल झेंडी वर.
आत जाणारं पाकीट होतं, निवडणूक कचेरीच्या नावे.
तिकीट पूर्ण लावलेलं,
फक्त उलटं.